दिवंगत इटालियन नटांची आठवण काढताना आधी विचारा, आवाज कुणाचा?

एका महाविद्यालयाच्या फिल्म क्लबमधल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. त्यांना दिवंगत इटालियन अभिनेत्यांवर एक संध्याकाळ करायची आहे. जन्म, मृत्यू, पुरस्कार, गाजलेले सिनेमे अशी तीस नावांची यादी तयार झाली, पण मोठ्याने वाचली तर ती मतदारयादीसारखी वाटते. कुणाला घ्यावं, प्रत्येकाविषयी काय बोलावं, कोणती कॉपी दाखवावी आणि तारीख कोणती धरावी, असं तिने विचारलं आहे.

मी अठ्ठावीस वर्षं फिल्म सोसायटीचं काम करतो. सिनेमा सुरू होण्याआधी पाच मिनिटं उभं राहून बोलायचं, आणि कुणी गेलं की त्याच रात्री आठशे शब्द लिहून द्यायचे, ही दोन कामं माझ्याकडे आपोआप येतात. त्या अनुभवावरून सांगतो. यादी जपून ठेवा, तारखा पडताळायला ती लागेल. मात्र ती घेऊन व्यासपीठावर जाऊ नका. इटालियन नटाबद्दल एक ओळही लिहिण्याआधी स्वतःला विचारा, हा जो आवाज मी ऐकतोय तो याचाच आहे का?

मी हा प्रश्न विचारला नव्हता, त्याचं फळ मला मिळालं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दिग्दर्शक विस्कोंतीचा ‘द लेपर्ड’ लावला होता. प्रास्ताविकात मी क्लाउदिया कार्दिनालेच्या आवाजाविषयी भरभरून बोललो, तिच्या हसण्यातला खर्ज ऐका म्हणालो. मध्यंतरात एक वयस्कर सभासद चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “तो आवाज तिचा नाही हो.” त्यांचं बरोबर होतं. त्या सिनेमाच्या इटालियन आवृत्तीत आंजेलिकाच्या, म्हणजे कार्दिनालेच्या पात्राच्या, तोंडून बोलते ती सोल्वेग दासुन्ता ही डबिंग कलाकार. मी एका बाईचं कौतुक दुसरीच्या नावावर जमा केलं होतं, तेही शंभर लोकांसमोर. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून आधी डबिंगची माहिती बघतो, मगच पेन हातात घेतो.

आपल्याला हे कळायला पार्श्वगायनाचं उदाहरण जवळचं आहे. पडद्यावर ओठ नर्गिसचे आणि गळा लताबाईंचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं आणि दोघींना आपण वेगवेगळं श्रेय देतो. इटलीत हाच प्रकार बोलण्याच्या बाबतीत झाला. मुसोलिनीच्या राजवटीने १९३०च्या सुमारास परदेशी भाषेतले संवाद पडद्यावर ऐकू येऊ द्यायचे नाहीत असा दंडक घातला, आणि डबिंग हा तिथे एक भरभक्कम धंदा झाला. युद्धानंतर पैसा नव्हता, रस्त्यावर शूटिंग व्हायचं, आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा. रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ असाच बहुतांशी मुका चित्रित झाला. फेलिनी तर कॅमेरा चालू असताना नटांना सूचना देत असे, आणि कित्येकांना संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावी. खरे शब्द पुढे डबिंगच्या खोलीत यायचे. त्यात उच्चारशुद्धीचा आग्रह. नट नेपल्सचा असो की सिसिलीचा, आवाज स्वच्छ प्रमाण इटालियनमधला हवा. परिणाम असा की चेहरा जगाला माहीत, आणि आवाज देणाऱ्याचं नाव कित्येकदा श्रेयनामावलीतही नाही.

कार्दिनालेपासूनच सुरुवात करा असं मी सुचवीन. ती २३ सप्टेंबर २०२५ला फ्रान्समध्ये वयाच्या ८७व्या वर्षी गेली, त्यामुळे तुमच्या प्रेक्षकांना तिचं नाव ताजं आहे. तिचा जन्म ट्युनिसजवळच्या ला गुलेत बंदरातला, १९३८चा. घरात सिसिलियन, शाळेत फ्रेंच, रस्त्यावर अरबी. इटालियन ती सिनेमात आल्यावर शिकली. त्यातून गळा घोगरा. म्हणून सुरुवातीची काही वर्षं निर्मात्यांनी तिला दुसऱ्यांचे आवाज लावले. तिचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो फेलिनीच्या ‘साडेआठ’मध्ये, १९६३ साली. गंमत अशी की ‘द लेपर्ड’ आणि ‘साडेआठ’ या दोन्हींचं काम ती एकाच सुमारास करत होती. विस्कोंतीला तिचे केस काळेभोर हवेत, फेलिनीला फिकट, आणि ती दोघांमध्ये केस रंगवत ये-जा करत होती. एका सिनेमात ती बोलते, दुसऱ्यात दुसरंच कुणी. मी तुमच्या जागी असतो तर दोन्हींतला एकेक मिनिटाचा तुकडा पाठोपाठ लावला असता, मध्ये एक शब्दही न बोलता. प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतात, हे मी पाहिलेलं आहे.

कॉपीचं इथेच सांगून टाकतो. ‘द लेपर्ड’ची इंग्रजी आवृत्ती मिळते. तीत राजपुत्र सालिनाचं काम करणारा बर्ट लँकेस्टर स्वतःच्या आवाजात बोलतो. इटालियन आवृत्ती जास्त लांब आणि विस्कोंतीच्या मनातली, पण तीत लँकेस्टरचा आवाज कोर्रादो गाइपा या सिसिलियन नटाचा आहे. ‘गॉडफादर’मध्ये सिसिलीतला डॉन तोमाझिनो करतो तोच हा गाइपा. ‘ला स्त्रादा’चं तसंच. अँथनी क्विनचा झाम्पानो इटालियनमध्ये गरजतो तो आर्नोल्दो फोआच्या आवाजात. मी इटालियनच दाखवतो, मात्र फोआचं नाव घेऊन. फोआ २०१४मध्ये गेला तेव्हा त्याच्यावर चार ओळी लिहायला मला जागा मिळाली, आणि त्या ओळी मी झाम्पानोच्या आरोळीनेच सुरू केल्या.

आता मास्त्रोयान्नी. याच्याविषयी सगळे एकच गोष्ट सांगतात. १९ डिसेंबर १९९६ला तो पॅरिसमध्ये गेला तेव्हा रोममधल्या त्रेव्ही कारंज्याचं पाणी बंद केलं आणि त्यावर काळं कापड टाकलं. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, सांगाही. पण तिच्यावर थांबलात तर ‘ला दोल्चे विता’मधला कारंज्यात उतरलेला देखणा पुरुष तेवढा शिल्लक राहतो, आणि हीच प्रतिमा पुसायला त्याने पुढची पस्तीस वर्षं खर्ची घातली होती. नपुंसक नवरा, बायकोच्या खुनाचा बेत रचणारा सिसिलियन सरदार, म्हातारा, पराभूत, भेदरलेला असे पुरुष त्याने हौसेने केले. फ्रान्समधल्या कान महोत्सवात उत्तम अभिनेत्याचा पुरस्कार त्याला दोनदा मिळाला, १९७०मध्ये आणि १९८७मध्ये. ऑस्करचं नामांकन तीनदा.

त्याच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे. १९५०च्या ‘दोमेनिका दागोस्तो’ या सिनेमात तरुण मास्त्रोयान्नी वाहतूक पोलिसाच्या वेषात दिसतो आणि बोलतो मात्र आल्बेर्तो सोर्दी. होय, तोच सोर्दी. पुढे दोघंही इटलीतले सर्वांत लाडके नट झाले, आणि एकेकाळी एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडात होता. त्यानंतर २७ वर्षांनी, १९७७मध्ये, एत्तोरे स्कोलाच्या ‘अ स्पेशल डे’मध्ये मास्त्रोयान्नी कोण होतो? रेडिओवरचा निवेदक. समलिंगी म्हणून नोकरीवरून काढलेला, घरात एकटा, पोलीस न्यायला येण्याची वाट बघणारा. दिवस १९३८च्या मे महिन्यातला, हिटलर रोमला आला होता तेव्हाचा. सगळी इमारत परेड बघायला ओस पडली आहे, आणि अंगणात रेडिओवरची धावती कॉमेंटरी अखंड घुमते आहे. म्हणजे ज्याचा आवाज हीच ज्याची भाकरी, त्याच्या घरात दिवसभर दुसऱ्याचा आवाज. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधला प्रसंग बघा. एरवी या माणसाचं सगळं बोलणं मिस्कील, पडतं घेणारं. शेवटी तो जिन्यात ओरडतो तेव्हा आवाज फाटतो. त्या सिनेमाने मास्त्रोयान्नीला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं. दोनशे शब्दांच्या टिपणात कारंजं एका वाक्यात घ्या आणि उरलेली जागा या जिन्याला द्या.

सोर्दीचा आवाज ही तर स्वतंत्र कथा आहे. १९२०मध्ये रोमच्या त्रास्तेवेरे भागात जन्मलेला हा मुलगा मिलानच्या नाट्यशाळेत गेला आणि रोमन हेल जाईना म्हणून तिथून बाहेर पडला. १९३७मध्ये एका स्पर्धेत निवड होऊन त्याला लॉरेल-हार्डीतल्या जाड्याचा इटालियन आवाज होण्याचं काम मिळालं. इटलीतल्या कित्येक पिढ्यांना ऑलिव्हर हार्डी ऐकू येतो तो सोर्दीच्या गळ्यातून, इंग्रजाने मोडकं इटालियन बोलावं तशा ढंगात. जो हेल शाळेला नको होता तोच पुढे त्याचं भांडवल झाला. भित्रा, संधिसाधू, आईला चिकटलेला, मोठ्यांपुढे लवणारा आणि लहानांवर डाफरणारा असा मध्यमवर्गीय इटालियन त्याने इतक्या प्रामाणिकपणे केला की लोक स्वतःला बघून हसले. २००३च्या फेब्रुवारीत तो गेला. सान जोव्हान्नी चर्चच्या चौकात अंत्यविधीला अडीच लाखांच्या आसपास लोक जमल्याच्या बातम्या होत्या, आणि वरून एक छोटं विमान फलक घेऊन फिरत होतं. त्यावर रोमन बोलीत लिहिलं होतं की या खेपेला तू आम्हाला रडवलंस. प्रमाण भाषेत ते वाक्य इतकं लागलं नसतं.

आन्ना मान्यानीकडे वळतो. आधी उच्चार. इटालियनमध्ये ‘जी’ आणि ‘एन’ जोडून आले की ‘न्य’ होतो, म्हणून मान्यानी, मॅग्नानी नव्हे. तसंच चिनेचित्ता, लोल्लोब्रीजिदा, जान मारिया व्होलोन्ते. ज्यांना आदरांजली वाहायची त्यांची नावं तरी नीट घ्यावीत, याबाबतीत मी हट्टी आहे.

‘रोम, ओपन सिटी’मध्ये ती पीना ही गरोदर विधवा आहे. जर्मन सैनिक तिच्या होणाऱ्या नवऱ्याला ट्रकमध्ये कोंबतात आणि ती शिपायांचं कडं तोडून ट्रकमागे धावते, त्याच्या नावाने हाका मारत. हा प्रसंग तेरेसा गुल्लाचे या बाईवर बेतलेला आहे. तिला मार्च १९४४मध्ये रोममध्येच जर्मन सैनिकाने गोळी घातली होती, आणि जेमतेम वर्षभराने त्याच शहरात हे चित्रीकरण झालं. मी तो तुकडा किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी माझं लक्ष तिच्या हाताकडे जातं. एक हात वर, पंजा उघडा, बस थांबवायला आपण करतो तसा. गोळी लागते आणि ती कोसळते. रडं नाही, मरणापूर्वीचं भाषण नाही. पदर सावरायलाही वेळ मिळत नाही असं मरण. मान्यानी त्याआधी कित्येक वर्षं तमाशेवजा संगीत-विनोदी रंगमंचावर, तेही तोतो या विनोदी नटासोबत, लोकांना हसवत होती. विनोदाच्या वेळेचा अंदाज तिच्या अंगात मुरलेला होता आणि त्या धावण्यात तो दिसतो. एक पाऊल मागे-पुढे झालं असतं तर प्रसंग नाटकी झाला असता.

अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन, १९५६ साली ‘द रोझ टॅटू’साठी. पण तिच्या शेवटासाठी १९७२चा फेलिनीचा ‘रोमा’ दाखवा. रात्र, जुन्या वाड्याचं दार, घरी परतणारी मान्यानी. कॅमेऱ्यामागून फेलिनी तिला काही विचारू बघतो. ती हसते, माझा तुझ्यावर भरवसा नाही, जा झोप आता अशा अर्थाचं बोलते आणि दार लावून घेते. पडद्यावरचं ते तिचं शेवटचं दर्शन. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला ती गेली. रोमच्या लोकांनी तिची शवपेटी चर्चबाहेर आली तेव्हा टाळ्या वाजवल्या. इटलीत कलावंताला टाळ्यांनी निरोप देण्याची जी पद्धत आज दिसते ती तिच्या अंत्ययात्रेपासून रुजली असं सांगितलं जातं. तुमच्या कार्यक्रमात दोन मिनिटं शांत उभं राहण्याऐवजी टाळ्या वाजवायला सांगा. आपल्या सभागृहात लोक आधी बिचकतील, पण वाजवतील.

तुमच्या यादीत एक मोठी उणीव दिसली, तीही इथेच सांगतो. तीसही नावं ताऱ्यांची आहेत. ज्यांनी एक-दोनच सिनेमे केले ते कुठे आहेत? दे सिकाच्या ‘उम्बेर्तो डी.’मधला म्हातारा पेन्शनर म्हणजे कार्लो बात्तिस्ती, फ्लोरेन्स विद्यापीठातला भाषाशास्त्राचा प्राध्यापक. इटालियन भाषेच्या मोठ्या व्युत्पत्तिकोशाचा एक कर्ता. प्रमुख भूमिका उभ्या आयुष्यात ही एकच. भाडं थकलंय, भीक मागायची वेळ आली आहे. तो रस्त्यात उभा राहून हात पुढे करून बघतो, तळवा वर. एक गृहस्थ जाता जाता पाकीट काढतो, आणि त्याच क्षणी म्हातारा हात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहत होता. एवढंच. एका मनगटाच्या वळणात माणसाची अब्रू. बात्तिस्ती १९७७मध्ये नव्वदी पार करून गेला. व्युत्पत्तिकोश आणि हा हात, दोन्ही त्याच्या नावावर आहेत, आणि टिपणात दोन्ही यायला हवेत.

लाम्बेर्तो माज्जोरानीची कहाणी इतकी शांत नाही. ‘बायसिकल थीव्ह्ज’मधला पोस्टर चिकटवणारा आन्तोनिओ रिच्ची, म्हणजे हा रोममधला कारखान्यातला कामगार. मुलाच्या भूमिकेसाठी त्याच्या पोराचं नाव पुढे आलं होतं, दे सिकाने बापालाच उचललं. सिनेमा जगभर गेला. कारखान्यातून मात्र याला कमी करण्यात आलं, आणि सिनेमावाल्यांकडेही त्याच्यासाठी काम नव्हतं. किरकोळ भूमिका करत, मिळेल ते काम करत तो १९८३मध्ये रोमच्या एका रुग्णालयात गेला. नोकरी वाचवायला धडपडणाऱ्या माणसाची भूमिका केल्यामुळे नोकरी गेलेला माणूस. मृत्युलेखात ‘अजरामर’ हा शब्द लिहिण्याआधी मला नेहमी हा माज्जोरानी आठवतो, आणि मग तो शब्द लिहिवत नाही. त्याचा चिमुकला मुलगा झालेला एन्झो स्तायोला मोठेपणी गणिताचा शिक्षक झाला, पुढे जमीन नोंदणीच्या कचेरीत काम केलं. तो २०२५च्या जूनमध्ये गेला. बापाच्या पावलाशी पाऊल जुळवायला अर्धवट पळणारा तो पोर भारतीय प्रेक्षकांचा फार जुना ओळखीचा आहे. जानेवारी १९५२मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा सिनेमा होता. पुढच्याच वर्षी बिमल रॉयांचा ‘दो बिघा जमीन’ आला, आणि त्यातही शहराच्या रस्त्यावर बापलेक आहेत. हा दुवा खरा आहे, म्हणून जरूर सांगा. ओढूनताणून जोडलेले दुवे मात्र नकोत.

मोनिका व्हित्तीवर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आन्तोनिओनीच्या सिनेमात तिचा चेहरा येण्याआधी तिचा आवाज आला. १९५७च्या ‘इल ग्रिदो’मध्ये दोरियन ग्रे नावाच्या नटीला आवाज दिला होता तो व्हित्तीने. पुढे ‘लाव्हेन्तुरा’पासून जग तिला मुक्या, उदास बाया करणारी म्हणून ओळखू लागलं, आणि इटलीत ती विनोदी नटी म्हणून लाडकी झाली. शेवटची वीसेक वर्षं आजारपणामुळे ती कुणाला दिसली नाही. २ फेब्रुवारी २०२२ला गेली. तिच्या मृत्यूची बातमी मात्र १९८८मध्येच एका मोठ्या फ्रेंच वर्तमानपत्राने छापली होती, आत्महत्या म्हणून, आणि ती साफ खोटी होती. इटालियन पत्रकार आधीच लिहून तयार ठेवलेल्या मृत्युलेखाला ‘कोक्कोद्रिल्लो’ म्हणतात, म्हणजे मगर. नक्राश्रू हा शब्द आपल्याकडेही आहे, त्यामुळे वेगळं समजावायला नको. तुम्ही आज ज्याच्यावर लिहिताय तो खरोखर गेला आहे ना, हे दोन ठिकाणी तपासा. सोफिया लॉरेनचं नाव तुमच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर आहे. ते आजच काढून टाका.

आता ज्यांच्याविषयी बोलताना माझा गळा दाटतो ते दोघं नेपल्सचे.

तोतो, म्हणजे आन्तोनियो दे कुर्तिस. १८९८मध्ये नेपल्सच्या सानिता वस्तीत जन्मलेला. शंभराच्या आसपास सिनेमे. लांबट हनुवटी, कळसूत्री बाहुलीसारखं सुटं सुटं हलणारं अंग. शेवटची दहा वर्षं त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सेटवर त्याला हात धरून जागेवर नेत, कॅमेरा सुरू झाला की तो पूर्वीसारखाच उड्या मारी, आणि शॉट संपला की पुन्हा चाचपडत खुर्चीकडे. डबिंगसाठी पडद्यावरचे स्वतःचे ओठ दिसणं लागतं. ते त्याला दिसेनात. तेव्हा कार्लो क्रोक्कोलो या नटाने जिथे गरज पडली तिथे त्याचा आवाज काढला, त्याच्या संमतीने, आणि कुणाला संशय आला नाही. तोतो १५ एप्रिल १९६७ला गेला. त्याचे अंत्यविधी तीन झाले. एक रोमला, दुसरा नेपल्सला, आणि तिसरा सानितामध्ये, कारण तिथले लोक आपल्या माणसाला आपल्या गल्लीत निरोप द्यायचाच म्हणून धरून बसले. तोवर दफन होऊन गेलं होतं. म्हणून त्यांनी रिकामी शवपेटी ठेवली आणि तिच्यासमोर रडले.

मास्सिमो त्रोइझी १९५३चा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदय कायमचं दुबळं. ‘इल पोस्तिनो’साठी त्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलली. कवीला पत्रं पोचवणारा बेटावरचा पोस्टमन. सेटवर त्याला थोडाच वेळ उभं राहता येई, म्हणून सायकल चालवतानाचे, पाठमोरे, दुरून चालतानाचे बरेच शॉट जेरार्दो फेर्रारा या त्याच्यासारख्या दिसणाऱ्या शिक्षकाने दिले. इथे नेहमीचा प्रकार उलटा झालाय हे लक्षात आलं का? इतर इटालियन नटांचं शरीर त्यांचं आणि आवाज उसना. त्रोइझीचं शरीर उसनं आणि आवाज त्याचा. अडखळणारं, अर्धी वाक्यं गिळणारं नेपल्सचं बोलणं, जे दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. चित्रीकरण संपल्यावर दुसऱ्याच दिवशी, ४ जून १९९४ला, ओस्तियाला बहिणीच्या घरी तो झोपेत गेला. ४१ वर्षांचा होता. नामांकन ऑस्करचं आलं ते मरणोत्तर. पुढच्या वेळी तो सिनेमा लावाल तेव्हा घाटातली सायकल बघताना फेर्राराचंही नाव मनात असू द्या.

१९९४ हे वर्षच वाईट होतं. मार्चमध्ये ‘ला स्त्रादा’ची जेल्सोमिना, जुलिएत्ता मासीना गेली, फेलिनी गेल्यावर पाच महिन्यांनी. डिसेंबरमध्ये जान मारिया व्होलोन्ते ग्रीसमध्ये एका सिनेमाच्या शूटिंगवर असताना गेला. आपल्याकडे लोक त्याला ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’चा खलनायक म्हणून ओळखतात. तिथे तर नावही त्याचं नव्हतं, श्रेयात जॉन वेल्स, आणि इटालियन आवाज नान्दो गात्सोलोचा. त्याच्यावर बोलायचं तर १९७२चं कान सांगा. तिथला सर्वोच्च पुरस्कार दोन सिनेमांना विभागून मिळाला, ‘द वर्किंग क्लास गोज टू हेवन’ आणि ‘द मात्तेई अफेअर’, आणि दोन्हींत मुख्य भूमिकेत व्होलोन्तेच. एकात नगामागे मजुरी मिळणारा कामगार, दुसऱ्यात तेलधंद्यातला बडा अधिकारी.

बड स्पेन्सरवर प्रेक्षकांतून प्रश्न येईलच, ‘त्रिनिटी’ हे विनोदी वेस्टर्न सिनेमे पाहिलेली पिढी अजून आहे. कार्लो पेदेर्सोली हे त्याचं खरं नाव, १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, दोन ऑलिंपिक खेळलेला, २०१६मध्ये गेला. त्याचाही नेपल्सचा हेल निर्मात्यांना नको होता, आवाज ग्लाउको ओनोरातोचा. जोडीदार टेरेन्स हिलचा आवाज पीनो लोक्कीचा. आणि १९७६मध्ये आपले कबीर बेदी ‘सांदोकान’ म्हणून इटलीच्या घराघरांत पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून बोलला तोही लोक्कीच.

थडग्यांवरच्या ओळी मी नेहमी वाचून दाखवतो, कारण त्या नटांच्या स्वभावाच्या आहेत. व्हेरानो हे रोममधलं मोठं कब्रस्तान. तिथे व्हित्तोरिओ गास्मनच्या थडग्यावर लिहिलंय की तो कधी ‘इम्पाल्लातो’ झाला नाही. आपले नाटकवाले जे म्हणतात ना, “मला झाकू नकोस”, तेच. प्रेक्षक आणि त्याच्यामध्ये कुणी आलं नाही. आल्दो फाब्रित्सी, ‘रोम, ओपन सिटी’मधला पाद्री, खाण्याचा इतका शौकीन की पास्त्यावर कविता लिहिल्या. त्याच्या थडग्यावर अशा अर्थाची ओळ आहे की या जगातून मला फारच ‘अल देन्ते’ असताना उचललं. याचं भाषांतर ‘अर्धाकच्चा’ असं करू नका. भाताच्या शितात कणी राहावी आणि तो तसाच पानात वाढला जावा, असं सांगा. मराठी माणसाला बरोबर कळतं.

तारीख विचारली आहेस. २ नोव्हेंबर ठेवा. इटलीत त्या दिवशी लोक आपापल्या मृतांच्या थडग्यांवर फुलं वाहायला जातात. जीजी प्रोयेत्ती हा रोमचा लाडका नट, ‘रॉकी’मधल्या स्टॅलोनचा इटालियन आवाज, २ नोव्हेंबर १९४०ला जन्मला आणि २ नोव्हेंबर २०२०ला, बरोबर ऐंशी पूर्ण होताना गेला. आणि तोतोने याच दिवसावर नेपल्सच्या बोलीत एक कविता लिहिली आहे, ‘आ लिव्हेल्ला’. कब्रस्तानात रात्री एकजण चुकून कोंडला जातो, आणि त्याला एक मेलेला सरदार शेजारी पुरलेल्या झाडूवाल्याशी भांडताना दिसतो, तू माझ्या शेजारी आलासच कसा म्हणून. ‘लिव्हेल्ला’ म्हणजे गवंड्याची पाणसळ, आणि कवितेत ती पाणसळ म्हणजे सगळ्यांना एका पातळीत आणणारा मृत्यू.

सुरुवात या कवितेच्या मराठी सारांशाने करा, तीन मिनिटांत. मग बात्तिस्तीचा हात, मान्यानीचं धावणं, कार्दिनालेचे दोन तुकडे, मास्त्रोयान्नीचा जिना. प्रत्येकाआधी दोन वाक्यं, त्यातलं एक आवाजाबद्दल. मध्यंतरानंतर पूर्ण ‘इल पोस्तिनो’. शेवटची श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या, दिवे लावायची घाई करू नका, आणि प्रोजेक्टरवाल्याला हे आधीच सांगून ठेवा.